मदत हवी आहे : फ्रीवेखालची जुनी बंदरं वडिलांना दाखवायची आहेत

वडील मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क, म्हणजे चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालाची मोजदाद ठेवणारे, होते. आता ऐंशीच्या घरात आहेत. गेल्या महिन्यात त्यांना गाडीत घालून ऑरेंज गेटला ईस्टर्न फ्रीवेवर चढलो. "दारूखाना आला की सांग," म्हणाले. (दारूखाना म्हणजे रे रोडजवळचा जुना बंदराचा भाग.) मी सांगेपर्यंत तो मागे पडला होता. कठड्यापलीकडे गोदामांचे पत्रे आणि क्रेनची टोकं, बस. शिवडीला काच खाली केली, चिखलाचा वास आत आला, तेव्हा त्यांनी नुसता हात वर करून "खाडी" म्हटलं. पुढे घाटकोपरपर्यंत गप्प. वर थांबायची सोयच नाही.

म्हणून त्यांना पुलाखालून, जमिनीवरून न्यायचं ठरवलंय.

मी गोळा केलेली माहिती अशी. रस्ता सुमारे १६.८ किमी. पी. डिमेलो रोडवरून आणिकपर्यंत नऊ किलोमीटरच्या वर सलग पूल. पुढे आणिक-पांजरापोळ रस्ता, त्यात टेकडीखालून साधारण अर्ध्या किलोमीटरचे जोडबोगदे. मग पांजरापोळहून पुन्हा पूल, थेट घाटकोपर. १४ जून २०१३ ला पांजरापोळपर्यंत खुला झाला, उरलेला तुकडा पुढच्या वर्षी जूनमध्ये. पूर्व किनाऱ्याने असा मुक्त मार्ग काढण्याची कल्पना मात्र १९६० च्या दशकातली, विल्बर स्मिथ कंपनीच्या अभ्यासातली. मधली पन्नास वर्षं खाली वखारी, तेलाच्या टाक्या आणि मालगाड्यांचे रूळ आपापलं काम करत राहिले. पुलाला जागा मिळाली ती याच पट्ट्यात. वडिलांची सगळी नोकरीही याच पट्ट्यात झाली.

जाणकारांनी दोन गोष्टी सांगाव्यात. बीपीटीची (बॉम्बे पोर्ट ट्रस्टची) वडाळ्याकडे जाणारी मालगाडीची लाइन आज पुलाखाली कुठे कुठे दिसते? आणि कोळसा बंदर, लकडी बंदर, जकेरिया बंदर, हाजी बंदर ही सगळी एका सकाळी करायची तर कुठल्या क्रमाने जावं? त्यांना फार चालवत नाही. या भागाचे जुने नकाशे किंवा फोटो कुणाकडे असतील तर मोठे छापून त्यांच्या हातात द्यायचे आहेत.

पहिलं उत्तर

दादा, हार्बर लाइन धरा. ती पुलाच्या सोबतीनेच जाते. रे रोडला पूर्वेला उतरलात की दारूखाना. तिथून टॅक्सी करून उत्तरेकडे सरकत या, म्हणजे बाबांना चालावं लागणार नाही. कॉटन ग्रीनला कापूस बाजाराची जुनी इमारत स्टेशनजवळच आहे, ती चुकवू नका. शिवडी शेवटी ठेवा, ओहोटीची वेळ बघून जा. थंडीत गेलात तर चिखलात रोहित पक्षी असतात, आणि अटल सेतू तिथूनच निघतो. रुळांचं बाबांनाच विचारा. माझे मामा बीपीटीत होते, त्यांना रस्त्यात गाडलेला रुळाचा तुकडा दिसला तरी कुठल्या शेडची सायडिंग (शेडपर्यंत नेलेला बाजूचा रूळ) ते सांगायचे.