शॉकअप बदलतोय, तर स्प्रिंगही बदलायची का? (दहा-बारा वर्षं जुन्या छोट्या गाड्या)

पांझराकाठ:
धुळे-जळगावकडे जुन्या वॅगनआर, स्विफ्ट, ऑल्टोचे पुढचे शॉकअप गेले की गॅरेजवाला विचारतो, "स्प्रिंग जुनीच ठेवू ना?" मालकही मान डोलावतो. माझं मत, ठेवू नये. पुढचा शॉकअप म्हणजे स्ट्रट, आणि स्प्रिंग त्याच्यावरच बसलेली. स्ट्रट काढायचा तर चाक, ब्रेक पाइपची क्लिप, नकलचे (चाकाचा हब धरणारा भाग) दोन बोल्ट, वरच्या माउंटिंगचे नट हे सगळं सुटतंच, आणि स्प्रिंग दाबून बाहेरही काढावी लागते. सहा महिन्यांनी स्प्रिंगची खालची कडी तुटली की तीच मजुरी पुन्हा, अलाइनमेंट पुन्हा. त्यापेक्षा स्ट्रट, स्प्रिंग, माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉपर आणि डस्ट बूट दोन्ही बाजूंचं एकदाच उरकावं.

गिरणा_१२:
असहमत. माउंटिंग, स्टॉपर, बूट मान्य, ते रबर आहे. आपल्या मे महिन्यात त्याचा भुगाच होतो. पण स्प्रिंग "थकते" म्हणजे नेमकं काय होतं? कडकपणा ठरतो तारेची जाडी, कडीचा व्यास, कड्यांची संख्या आणि पोलाद यांवर; वयावर नाही. वर्षानुवर्षांच्या ओझ्यानं बसते ती उंची, आणि ती टेपनं मोजता येते. सपाट फरशी, चारही टायरांत बरोबर हवा, डिकी रिकामी. गाडी हातभर पुढे-मागे ढकलून मग चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत सरळ वर मोजायचं. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज आकड्यात मिसळते. डाव्या-उजव्यात ५-७ मिमी फरक सोडून द्या. १५ मिमीच्या वर गेला तर स्प्रिंगवर संशय घ्या.

दुसरं म्हणजे बाजारात "याच गाडीची" म्हणून मिळणारी प्रत्येक स्प्रिंग त्या गाडीची नसते. पेट्रोलला डिझेलची जड स्प्रिंग बसवली की नाक वर आणि प्रत्येक खड्ड्यात आदळआपट. चांगली चालणारी मूळ स्प्रिंग भंगारात घालून हे विकत घ्यायचं?

पांझराकाठ:
तारेची जाडी म्हणालात, तिथेच घोडं अडतं. कडकपणा जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. १२ मिमीची तार गंजून ११.५ झाली की कडकपणा साधारण १६ टक्क्यांनी उतरतो, वर धातूवरचा ताणही वाढतो. आपल्याकडे कोकणाची खारी हवा नाही हे खरं. पण काळ्या मातीचा चिखल, स्प्रिंग जिच्यावर टेकते त्या स्ट्रटच्या खालच्या ताटलीत भरतो, दिवाळीपर्यंत ओल धरतो आणि तिथलाच रंग उडतो. तडा जातो तोही तिथेच, शेवटच्या दीड कडीत. ताटली धुतल्याशिवाय तो दिसत नाही. टेप उंची सांगेल, तडा सांगणार नाही.

गिरणा_१२:
मग धुवा आणि पाहा! स्ट्रट काढलाच आहे तर तारेचा ब्रश मारून कडी तपासायला दहा मिनिटं लागतात. खोल खड्डे पडलेला गंज किंवा तडा दिसला तर जोडी बदला. वरवरचा तांबूसपणा असेल तर प्रायमर मारून परत बसवा.

केळीपट्टा:
तुम्ही दोघं पुढच्याच चाकांत अडकलात. सावदा-रावेरकडे गाड्या बसतात त्या मागून. सीएनजीची टाकी कायमची, त्यात भर डीएपी खताच्या दोन गोण्यांची, म्हणजे आणखी १०० किलो. स्विफ्ट, ऑल्टोला मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, त्यामुळे "एकाच मजुरीत" हा मुद्दा तिथे लागू नाही. स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसरही सहसा लागत नाही. बॉडी स्टँडवर, ॲक्सलखाली जॅक, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढून जॅक सावकाश उतरवला की स्प्रिंग हाताने निघते. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, एवढ्यावर डोळा ठेवा. परत बसवताना बुशचे (सांध्यातलं रबर) बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळायचे. हवेत लटकत्या ॲक्सलवर आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

मागच्या स्प्रिंगा सीएनजीवाल्यांनी बदलाव्यातच, असं माझं ठाम मत. पण स्प्रिंगचा पार्ट नंबर चेसिस नंबरवरून मिळवा. कंपनी-फिटेड सीएनजीला वेगळी स्प्रिंग असू शकते. आणि कड्यांत रबरी बफर कोंबून गाडी उचलायचा उद्योग नको. बफर दोन कड्या अडवतो, त्यांचं काम उरलेल्यांवर येतं आणि तुटतात त्या.

काटकसर_चाळीसगाव:
एवढं सगळं कशाला भो? शॉकअप उघडून नवं सील, नवं तेल भरून देणारे आहेत, नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत. दिवसाला दहा किलोमीटर गावात फिरणाऱ्या गाडीला नवं कोरं सामान म्हणजे बैलापेक्षा झूल महाग.

पाना_१७:
काटकसरभाऊ, सील गळतं ते बहुतेकदा शॉकअपच्या आत-बाहेर होणाऱ्या दांड्यावर ओरखडे पडले म्हणून. बूट फाटतो, शिवाररस्त्याची धूळ दांड्यावर बसते, क्रोम घासतं, सील कापलं जातं. त्याच दांड्यावर नवं सील किती टिकणार? शिवाय आतले व्हॉल्व झिजलेलेच राहतात आणि गॅसचा स्ट्रट असेल तर तो दाब परत भरला जात नाही. मागच्या शॉकअपला तात्पुरतं चालवून घ्या म्हणेन. पुढच्याला नाही, तिथे स्टिअरिंग त्याच दांड्याभोवती फिरतं.

बसवण्यातल्या चुकांवर कोणी बोललंच नाही, म्हणून लिहितो. दांड्यावरचा मधला नट स्प्रिंग दाबण्याआधी सोडू नका. तारेनं बांधून स्प्रिंग उघडणं तर जीवावरचा खेळ. कॉम्प्रेसरचे दोन हुक समोरासमोर लावा, आळीपाळीने थोडे थोडे आवळा. दांडा पकडीने धरायचा नाही, वरच्या टोकाला ॲलन की लावायची. तेलाचा नवा स्ट्रट उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून ओढला की आतली हवा निघते. बॉक्समध्ये तो आडवा पडून असतो. स्प्रिंगचं टोक ताटलीतल्या पायरीला टेकलंच पाहिजे, नाहीतर वळताना "टंग" असा आवाज येत राहतो. नकल बाहेर झुकू देऊ नका, तारेने वर टांगा, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटतो. चाकाचे नट जॅकवर नुसते टेकवा, शेवटचे जमिनीवर. मारुतीच्या छोट्या गाड्यांना ८५ न्यूटन-मीटर.

काटकसर_चाळीसगाव:
बरं, पुढचे नवे घेतो. पण खटखट आवाज थांबेल ना?

पाना_१७:
खटखट असेल तर थांबा, आधी लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला जोडणारी दांडी) आणि लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणारा हात) बुश पाहा. लिंक रॉड हातानं हलवला की कळतं. बुशला आर्म जिथे धरलाय तिथे पहार लावून हलवा, फाटलेलं रबर उघडं पडतं. गेलेल्या शॉकअपची खूण वेगळी: टायर लाटालाटांनी झिजतो, हात फिरवला की लागतं. दांड्याखाली ओलसर धूळ चालते, तेलाचा ओघळ चालत नाही.

गिरणा_१२:
आणि अलाइनमेंट करताना टोसोबत (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलीत) कॅम्बरचाही (चाक वरून आत-बाहेर किती झुकलंय) आकडा कागदावर मागा. नकलच्या बोल्टांना भोकात जी जागा असते तेवढ्यानं कॅम्बर फिरतो. काढण्याआधी खडूनं खूण केली नसेल तर डाव्या-उजव्यात फरक पडून गाडी एका अंगाला ओढते. मग गिऱ्हाईक म्हणतं नवीन स्प्रिंग खराब निघाली.

पांझराकाठ:
खडू ग्रीसवर टिकत नाही, पोगर (टोकदार पंच) मारून खूण करा. बाकी स्प्रिंगबद्दल माझं मत तेच. सीएनजी नसली तरी.