मदत हवी आहे: सॉर्ट कमांडमध्ये ळ हा ह च्या नंतर कसा आणायचा?

साखरपेठ:
नमस्कार मंडळी. सोलापुरात आमच्या पेठेत एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. तिथल्या सभासदांची वही मी दिवाळीपासून संगणकावर चढवतोय. एका ओळीत एक सभासद: आधी आडनाव, मग नाव, मग कार्ड नंबर. साधी टेक्स्ट फाइल, उबुंटू लिनक्स, आणि क्रम लावायला टर्मिनलवरची सॉर्ट कमांड.

सगळं ळ पाशी अडलंय. सॉर्ट केल्यावर आडनावं अशी येतात:

काळे
कावळे
काशीद
कासार

साळुंखेही सावंतांच्या आधी. कार्डांच्या लाकडी खणांत मात्र कावळे, काशीद, कासार आणि मग काळे. ग्रंथपाल बाई कित्येक वर्षं याच क्रमानं कार्डं काढतात, बोट कासारांवर गेलं की पुढे काळे येणार हे त्यांना न बघता माहीत असतं. छापलेली यादी त्यांच्या हाताशी जुळली नाही तर ती कपाटातच पडून राहील, आणि त्यात त्यांची काहीच चूक नाही. शाळेत आपण सगळेच स, ह, ळ, क्ष, ज्ञ असंच शिकलो.

एलसी कोलेटला, म्हणजे क्रम ठरवणाऱ्या सेटिंगला, मराठी लोकॅल (भाषेनुसार नियमांचा संच) देऊन पाहिलं. एकही ओळ हलली नाही. 'ही घे माझी वर्णमाला, हिच्याप्रमाणे लाव' असं सॉर्टला सांगता येतं का?

काळीखिडकी:
तसा पर्याय सॉर्टमध्ये नाही, क्रम लोकॅलवरून ठरतो. एकही ओळ हलली नाही म्हणजे बहुतेक दोनपैकी एक झालंय. एक तर एलसी ऑल, म्हणजे सगळ्या एलसी सेटिंगांच्या वरची सेटिंग, आधीच कुठेतरी सेट आहे. तो असला की एलसी कोलेटला कोणी विचारत नाही. नाहीतर मराठी लोकॅल मशिनवर बसवलेलंच नाही. अशा वेळी सॉर्ट तक्रार करत नाही, मुकाट्यानं सी लोकॅलचा क्रम लावून मोकळा होतो. डीबग पर्याय देऊन चालवा, कोणते नियम वापरले ते सुरुवातीलाच सांगेल.

सी चा क्रम म्हणजे बाइटचा क्रम, आणि यूटीएफ-८ मध्ये (फाइलमध्ये अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) तो युनिकोडनं प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांप्रमाणेच येतो. ळ ०९३३, व ०९३५, ह ०९३९ (या क्रमांकांत ९ च्या पुढे ए ते एफ येतात). युनिकोडनं देवनागरीची मांडणी भारतीय लिपींच्या १९८८ च्या इस्की कोष्टकावरून घेतली, त्यात ळ ल च्या शेजारी बसलाय. म्हणून तुमचे काळे वर चढले.

साखरपेठ:
अगदी बरोबर! माझ्या टर्मिनलच्या (बॅशच्या) सेटिंगमध्ये एलसी ऑल सी वर होता, एका स्क्रिप्टसाठी कधीतरी टाकून विसरलो होतो. काढला. पण वाचनालयातलं मशीन जुनं आहे आणि यादी दोन्हीकडे तंतोतंत एकच यायला हवी. म्हणून दुसरी वाट धरली. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आडनावाची नक्कल आणि एक टॅब. नकलेत ळ काढून ॿ घातला, कारण तो देवनागरीच्या कोष्टकात अगदी शेवटी आहे, ०९७एफ. त्यावर सॉर्ट केलं आणि मग कट कमांडनं नक्कल उडवली. काळे जागेवर आले! पण मळगे म च्या तळाशी गेले, पार म्हेत्रेंच्याही खाली. ते महाडिक आणि माने यांच्या मध्ये हवेत. हे का होतंय?

काळीखिडकी:
काना-मात्रांमुळे. काना ०९३ई वर आहे, बाकीच्या मात्रा त्याच्या पुढे, हलन्त ०९४डी वर. ॿ या सगळ्यांच्या पलीकडचा. म म्हटल्यावर लगेच ॿ आला की ते आडनाव मा, मो, म्ह सगळ्यांच्या मागे जाणारच. काळेंच्या बाबतीत हे लपलं, कारण तिथे ळ च्या आधी काना येऊन गेलेला असतो. तुम्हाला ह आणि काना यांच्या मधली जागा हवी, आणि तिथे अवग्रह बसलाय: ऽ, ०९३डी. आडनावात तो कधी येत नाही. ळ च्या जागी तोच घाला.

सॉर्टच्या त्याच ओळीत, सॉर्ट शब्दाच्या आधी, एलसी ऑल सी लिहा, फक्त तेवढ्या कमांडपुरता. लोकॅलची कोष्टकं बदलतात, ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत, २०१८ साली, ती मोठ्या प्रमाणावर बदलली आणि पोस्टग्रेस डेटाबेसच्या इंडेक्सचेही घोटाळे झाले. बाइटचा क्रम दोन्ही मशिनवर एकच राहील.

साखरपेठ:
जमलं! महाडिक, मळगे, माने. जिल्ह्याचे अकरा तालुकेही लावून पाहिले, मंगळवेढा, माढा, माळशिरस, मोहोळ हे चारही जागच्या जागी. क्षीरसागर क च्या शेवटी येतात, बाईंच्या खणातही तिथेच आहेत, त्यामुळे क्ष ला हात लावला नाही.

पुस्तकांच्या यादीत मात्र ॲलोपॅथीवरचं एक पुस्तक ह च्याही खाली गेलं होतं, कारण ॲ चा क्रमांक ०९७२ आहे. नकलेत त्याचा अ आणि वर चंद्र असा सुटा अॅ केला, मग ते आ च्या आधी आलं. उद्या सकाळी छापील यादी घेऊन बाईंबरोबर खण उघडतो, काही अडलं तर इथेच लिहीन. मनापासून आभार.