कच्च्या चोरांचा चांगला पिक्चर सुचवा

छोट्या गावातले, अजिबात न जमणारे चोर, प्लॅन मोठ्ठा आणि हात लावतील तिथे माती, असा पिक्चर हवाय. मारधाड नको, पाचकळपणा पण नको, चोरांवर जीव जडला पाहिजे.

प्रतिसाद १
दिग्दर्शक वेस अँडरसनचा पहिला पिक्चर बघ, 'बॉटल रॉकेट', १९९६ चा, टेक्सासमधला. ओवेन विल्सनने केलेला डिग्नन वहीत पुढच्या ७५ वर्षांचा प्लॅन लिहून ठेवतो आणि पहिली चोरी करतो कुठे तर मित्राच्याच घरी, प्रॅक्टिस म्हणून! मग पुस्तकाच्या दुकानावर दरोडा, तिथे पैसे भरायला दुकानातच मोठी पिशवी मागतात. हसून हसून पोट दुखतं, आणि डिग्ननचा तो भाबडा उत्साह बघून गलबलतं पण.

प्रतिसाद २
+१. त्यातले तिजोरी फोडणारे कुमार म्हणजे कुमार पल्लाना, जन्म आपल्या इंदूरचा! डॅलसला त्यांच्या कॅफेत अँडरसन-विल्सन मंडळींचं येणंजाणं होतं, तिथूनच पिक्चरमधे आले. ऐन वेळी तिजोरी काही उघडत नाही तेव्हाचा त्यांचा शांत चेहरा, केवळ अप्रतिम.

प्रतिसाद ३
मोटेलचा भाग जरा रेंगाळतो पण.

प्रतिसाद २
नाही पटलं. डिग्ननचा मित्र अँथनी, त्याला इंग्लिशच येतं, मोटेलमधे काम करणाऱ्या इनेझला स्पॅनिश, आणि त्यांचं प्रेम मधे तिसरा माणूस भाषांतर करून पोचवतोय, तोच तर जीव आहे पिक्चरचा. थिएटरात साफ पडला होता तरी दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसीने नव्वदच्या दशकातल्या आवडत्या पिक्चरमधे घेतलाय.

प्रश्नकर्ता
शनिवारी रात्री बघतोच.