जिल्हावार पावसाचा हीटमॅप: रंगपट्टी कशी ठरवावी?

प्रश्न

नमस्कार. महाराष्ट्रातील ३६ जिल्ह्यांच्या गेल्या वर्षीच्या मासिक पावसाचा हीटमॅप (आकड्यांनुसार रंगवलेल्या चौकोनांचा तक्ता) मी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतील सीबॉर्न हे आलेख काढण्याचे साधन वापरून तयार करत आहे. ओळींमध्ये जिल्हे आणि स्तंभांमध्ये बारा महिने आहेत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड यांचे पावसाळी चौकोन गडद निळे दिसतात. मात्र बीड, धाराशिव, सोलापूर यांच्या ओळी जवळजवळ पांढऱ्या राहतात. मराठवाड्यात कोणत्या महिन्यात पावसाने ओढ दिली, हे दाखवणे हाच माझा हेतू असल्याने रंगपट्टीत काय बदल करावा, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

सीबॉर्न रंगपट्टीची दोन टोके विदेतील (डेटातील) किमान आणि कमाल मूल्यांवर बांधते. रत्नागिरीत एकट्या जुलैत साधारणपणे हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, तर बीडला सबंध पावसाळ्यातही तेवढा पडत नाही. म्हणून निळ्या रंगाच्या बहुतेक सगळ्या छटा कोकणातच खर्च होतात. ‘रोबस्ट’ हा पर्याय सुरू केल्यास टोके २ आणि ९८ शतमकांवर येतात, म्हणजे सर्वांत कमी व सर्वांत जास्त २-२ टक्के मूल्ये टोके ठरवताना वगळली जातात, पण आपल्याला त्याचा फारसा उपयोग होणार नाही, कारण कोकण विभागाचे ७ जिल्हे आणि पावसाळ्याचे ४ महिने धरले तरी ४३२ पैकी २८ चौकोन, म्हणजे सहा टक्क्यांहून अधिक, अतिवृष्टीच्या बाजूलाच राहतात.

आपला हेतू ओढ दाखवण्याचा असेल, तर मिलिमीटर बाजूला ठेवून त्या जिल्ह्याच्या त्या महिन्यातील सरासरीपासूनचे टक्केवारीतील विचलन रंगवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. भारतीय हवामान विभागाचे वर्ग यासाठी तयारच आहेत: उणे १९ ते अधिक १९ टक्के म्हणजे सरासरीइतका, उणे २० ते उणे ५९ म्हणजे तूट, उणे ६० ते उणे ९९ म्हणजे मोठी तूट, आणि वरच्या बाजूला २० व ६० टक्क्यांपासून सुरू होणारे दोन वर्ग. सीबॉर्न ज्यावर उभे आहे त्या मॅटप्लॉटलिबमधील ‘बाउंडरीनॉर्म’ ही सोय वापरून याच सीमांवर रंग तोडले, तर वाचकाला छटांचा अंदाज बांधत बसावे लागत नाही आणि बीडची ओळ रत्नागिरीच्या ओळीइतकीच बोलकी होते.

प्रतिसाद २

वरील सल्ला योग्य आहे, परंतु तो जून ते सप्टेंबरपुरताच लागू करावा. डिसेंबर किंवा फेब्रुवारीत सरासरीच काही मिलिमीटर असते, त्यामुळे एखाद्या अवकाळी सरीने विचलन कित्येक पटींनी वाढते आणि गडद रंग नको तिथे लक्ष वेधतो. शून्य पाऊस आणि नोंदच नसणे यांतही गल्लत होऊ देऊ नये: नोंद नसलेले चौकोन रिकामेच ठेवावेत आणि त्यांच्यामागे करडा रंग द्यावा. लाल-हिरवी जोडी मात्र टाळावी, कारण रंगांधळेपणाच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात नेमके हेच दोन रंग एकमेकांत मिसळतात. तपकिरी ते निळसर-हिरवा हा क्रम पावसाला शोभतो आणि सहज वाचताही येतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. सहकाऱ्यांना हाच तक्ता एक्सेलमध्ये हवा आहे. तिथे काय काळजी घ्यावी?

प्रतिसाद ३

कंडिशनल फॉरमॅटिंगमधील (आकड्यानुसार चौकोन रंगवण्याच्या सोयीतील) तीन रंगांची पट्टी मधला रंग ५० व्या शतमकावर ठेवते. दुष्काळी वर्षात हे शतमकच तुटीत असू शकते, आणि मग तुटीतले जिल्हे सरासरीच्या रंगात दिसतात. म्हणून मध्यबिंदूचा प्रकार ‘नंबर’ करून तिथे शून्य लिहावे आणि दोन्ही टोकांनाही निश्चित आकडे द्यावेत.

ओळी वर्णानुक्रमाने न लावता कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ अशा लावल्यास सलग जिल्ह्यांतील ओढ एका पट्ट्यात दिसते. सातारा जिल्ह्याची ओळ मात्र जपून वाचावी: महाबळेश्वरचा पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि माण-खटावचा पर्जन्यछायेतला कोरडेपणा एकाच सरासरीत मिसळलेले असतात. शक्य असल्यास त्या जिल्ह्यासाठी तालुकावार वेगळा हीटमॅप जोडावा.