शेतात कोल्ह्यासाठी तारेचा फास लावणं: तुम्हाला पटतं का?

मेंढरूवाला: कुंपणाच्या खालच्या तारेला केस अडकलेले दिसले की समजायचं, कोल्हा रोज रात्री इथूनच ये-जा करतो, तिथेच फास लावला की विषय संपला. हिवाळ्यात फर दाट असते, कातडं विकणाऱ्याचे चार पैसेही होतात. रोज कोकरू जायला लागलं की प्रवचन ऐकायला वेळ नसतो राव. आणि जिथे कायद्याने चालतं तिथलंच बोलतोय, बाकी ठिकाणी प्रश्नच नाही.

रानवाट: अहो पण फासाला कुठे कळतं कोण आलंय! मी एक कुत्रं सोडवलंय, तार कमरेत रुतलेली, भोवतीचं गवत गोल उपटून नुसती माती राहिलेली, आणि सोडवायला गेले तर मलाच चावलं बिचारं. कोल्हा त्याच जागी असता तर वेगळं काय झालं असतं?

जुना गडी: मी फासाच्या बाजूने आहे, पण मेंढरूवाले, कुंपणाखाली लावू नका हो! तिथे जनावर खांबाला तार गुंडाळून घेतं आणि गुदमरतं. मोकळ्या वाटेवर लावा, तारेला अडसर ठेवा म्हणजे ती एका मापाच्या पुढे आवळत नाही, फिरकी ठेवा म्हणजे पीळ पडत नाही, आणि रोज सकाळी जाऊन बघा. कुत्रं असलं तर जिवंत सोडता येतं.

रानवाट: हे बोलायला सोपं. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्यानेच आवळला की परत सैल न होणारा फास बंद केला होता, रोज तपासणी सक्तीची होती, तरी बॅजर (बिळात राहणारा तिथला रानटी प्राणी) अडकायचेच, शेवटी वेल्सने २०२३ मध्ये आणि स्कॉटलंडने २०२४ मध्ये फासावर बंदीच घातली. नियम काय कमी होते का? रात्री कोकरं आत घ्या, विजेचं कुंपण करा.

मेंढरूवाला: ताई, विजेच्या तारेला गवत टेकलं की करंट गेला, मग रोज गवत कापत फिरा. तेही करून बघितलंय.

जुना गडी: म्हणजे फास बघायला रोज जाणार नाही असंच ना? 😀

मेंढरूवाला: कुंपणाखालचा आजच काढतो, ते पटलं. मोकळ्या वाटेवर मात्र लावणार.

रानवाट: आणि दोन दिवस बाहेर गेलात तर?

मेंढरूवाला: फास सोडवून ठेवून जाईन की, एवढी अक्कल आहे मला.