सान मारिनोत एक रात्र राहाच

एका प्रवाशाने लिहिलंय की सान मारिनोत, म्हणजे इटलीने वेढलेल्या या छोट्या देशात, अंधार पडल्यावर करण्यासारखं काही नसतं, दिवसा बघून जवळच्या रिमिनी या इटालियन किनारी शहरात परतावं. मला हे अजिबात पटत नाही. दिवसाचे पर्यटक उतरून गेले की तितानो डोंगरावरचं जुनं गाव निवांत फिरता येतं. सूर्यास्ताला पलाझ्झो पुब्लिको या सरकारी इमारतीसमोरच्या चौकात कठड्याशी थांबा, समोर आपेनिन डोंगरांच्या निळसर रांगा दिसतात. दिवे लागले की ग्वाइता बुरुजाच्या बाजूला चढा. तिथून खाली एड्रियाटिक समुद्राचा अख्खा किनारा लुकलुकताना दिसतो. (फरसबंदी उताराची आहे, बूट चांगले हवेत.) मग गरम पिआदिना (इथली पातळ पोळी) आणि सांजोवेझे ही लाल वाइन, आणखी काय पाहिजे?

नाचायचंच असेल तर रिमिनी किंवा शेजारचं रिच्चोने गाठा. पण रिमिनीची बस संध्याकाळीच बंद होते आणि रेल्वे 1944 पासून नाही, त्यामुळे गाडी किंवा टॅक्सी आधीच ठरवा.

तारखा हातात असतील तर 3 सप्टेंबर धरा. देशाचा स्थापना दिवस असतो: दुपारी पारंपरिक आडव्या धनुष्यांची स्पर्धा, रात्री आतषबाजी. खोली मात्र लवकर बुक करा.