मदत हवी: ट्रॉलरला डिझेल जास्त लागतंय, नोझल-पंप करूनही काळा धूर

मिरकरवाडा_बोट: डिझेल फवारणारे नोझल नवीन टाकले, डिझेल पंप कॅलिब्रेट केला, दोन्ही फिल्टर बदलले. तरी काळा धूर, डिझेल खूप जास्त. मिस्त्री म्हणतो इंजिनचं हेड उघडून पिस्टनच्या रिंगा बघू. उघडायचं का? लवकर सांगा, बर्फ भरायचाय.

सहासिलिंडर: इंजिन कुठलं, गिअर किती, पूर्ण लिव्हरला (डिझेल पूर्ण सोडून) पाण्यात आरपीएम (मिनिटाला फेरे) किती? धूर नुसतं चालताना की जाळं ओढताना? रिंगा गेल्या असतील तर धूर निळसर येतो, ब्रीदरमधून (इंजिनच्या हवा सोडायच्या नळीतून) फुंकर जोरात मारतो. काळ्या धुरासाठी आधीच हेड उघडू नका.

पंपवाला: पंप परत बसवताना टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) फ्लायव्हीलच्या खुणेवर मिळवलं का? कॅलिब्रेशन बेंचवर होतं, टायमिंग इंजिनवरच लावावं लागतं. उशिरा पडलं की ताकद जाते, एक्झॉस्ट तापतो.

मिरकरवाडा_बोट: टायमिंग बरोबर आहे, बघितलंय. सहा सिलिंडर, 2000 आरपीएमचं, गिअर 3:1. न्यूट्रलला 2200 जातं, पाण्यात नुसतं चालताना 1750 च्या वर नाही. धूर दोन्ही वेळी.

वेलदूरकर: डिझेलमध्ये मिसळायचं औषध मिळतं, ते टाका. आमच्याकडे सगळे टाकतात.

सहासिलिंडर: औषधाने हे 2000 ला कमी पडणारे अडीचशे फेरे परत येणार नाहीत. न्यूट्रलला 2200 म्हणजे लिव्हर आणि गव्हर्नर (फेऱ्यांप्रमाणे डिझेल कमी-जास्त करणारा) ठीक, पाण्यात बोजा जास्त पडतोय. पंखा (प्रोपेलर) बदललाय का?

मिरकरवाडा_बोट: हो, जुन्याचं पातं वाकलं होतं. जुना 36 × 24 (व्यास × पिच, इंचांत), नवा 36 × 26. पण नव्या पंख्याने डिझेल वाढेल कसं?

सहासिलिंडर: पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर, 2 इंच वाढलं. इंजिन फेरे गाठू शकत नाही, गव्हर्नर पूर्ण डिझेल सोडत राहतो, तेवढं जाळायला हवा पुरत नाही. तोच काळा धूर. असंच चालवलं तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन भाजतील.

पंपवाला: 2 इंचांनी साधारण दीडशे फेरे पडतील, अडीचशे नाही. उरलेले तळाला नाहीतर हवेला गेले. तळ घासलाय का? इंजिनरूमचं झाकण उघडं ठेवून त्याच लिव्हरला चालवा. धूर कमी झाला आणि आरपीएम चढले तर हवेची वाट लहान आहे.

मिरकरवाडा_बोट: तळाला रंग पावसाळी मासेमारी बंदीतच लावला. झाकण मात्र कायम बंद असतं, मासेमारीची जाळी त्याच्यावर ठेवतो.

पंपवाला: मग जाळी हलवा, आज.

सहासिलिंडर: मिरकरवाडा, पिच ठीक झालं तरी जाता-येता 1800 ऐवजी 1600 वर चला. तासाचं डिझेल साधारण 30 टक्के कमी, वेग 11 टक्केच कमी.

वेलदूरकर: आणि लिलाव चुकला तर? उशिरा आलेल्या म्हावऱ्याला भाव कोण देतो?

सहासिलिंडर: येताना लिलाव गाठायचा असेल तर चालवा जोरात. जाताना कसली घाई? आणि हा हिशेब जाळं ओढताना लागू नाही, तिथे बोजा जाळ्याचा असतो.

मिरकरवाडा_बोट: जुना पंखा सरळ करून चालेल का?

पंपवाला: पात्याला चीर नसेल तर चालेल. सगळ्या पात्यांचं पिच मोजून एकसारखं करून घ्या, नाहीतर शाफ्ट थरथरून स्टर्न बुश (मागे शाफ्टला आधार देणारा बुश) खाईल. बसवताना शाफ्टच्या टेपरला (निमुळत्या टोकाला) निळा रंग लावून पंखा सगळीकडे टेकतोय का बघा, मगच चावी (खाचेतली पट्टी) आणि नट.